वीस रुपये किलो

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, चार दिवसांवर आली होती. साडेचार वाजून गेले तरी ऊन खाली उतरायला तयार नव्हतं, धुळ्यातल्या आग्रा रोडवरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मागच्या गल्लीत एका जिन्याखाली नानांचं शिवणकामाचं दुकान आहे. एक पायमशीन, एक कापणीचं टेबल, भिंतीतल्या खिळ्यांवर लटकलेल्या अर्धवट पँटी आणि मशीनखाली खताची एक रिकामी गोणी. त्या गोणीत महिन्याभराचं कातरण साठतं. दर महिन्याला मी जाते, दुकानाच्या पायरीवर बसते, गोणी पालथी करते, सुती तेवढं वेचून पिशवीत भरते आणि उरलेलं पुन्हा गोणीत. नाना मशीनवरून मान न उचलता विचारतात, "चहा सांगू का?" मी नको म्हणते, तरी चहा येतो. चार वर्षं हे असंच चाललेलं. त्या दिवशी मी गोणीला हात घातला आणि मशीनचा आवाज थांबला. नाना चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत म्हणाले, "ताई, आते हाई वजनवर देनं पडी. वीस रुपया किलोनं."

मी "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "आज राहू द्या, घाईत आहे." घाई कसलीच नव्हती. पिशवीची घडी करून हातात धरली आणि निघाले. त्या दिवशी चहा आला नाही, म्हणजे मी तो येईपर्यंत थांबलेच नाही. कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला तेव्हा हिशेब केला. महिन्याला फार तर दीड किलो सुती कातरण निघतं, म्हणजे तीस रुपये. दोन ग्लास रसाचे त्याहून जास्त जातात. तरी घरी येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं.

पैशाचं दुःख नव्हतं ते. कशाचं होतं, हे मात्र त्या रात्री झोप येईपर्यंत कळलं नाही.

गोधड्या शिवायला लागून मला सहा वर्षं झाली. माय गेली त्या वर्षी तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. पेटीत भावाला, वहिनीला नको असलेलं सगळं होतं, पाचवारी सुती पातळं, आबांची दोन धोतरं, एक फाटकं दुपटं. धुळ्याच्या फ्लॅटमध्ये पेटी ठेवायला जागा नव्हती आणि पातळं टाकवत नव्हती. मग एका दुपारी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला, पातळाची घडी जमिनीवर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, इस्त्री, तांदळाचा डबा असं जे वजनदार सापडलं ते ठेवलं. सुई हातात घेतली तेव्हा वाटलं होतं की आपल्याला जमणार नाही. हातांना आठवत होतं. वीस-पंचवीस टाक्यांनंतर बोटं आपोआप मोठ्या मायसारखी चालायला लागली, चार टाके सुईवर गोळा करायचे आणि मग दोरा एकदम ओढायचा.

मोठी माय म्हणजे माझी आजी. बोरीकाठचं आमचं गाव, अंमळनेर तालुक्यातलं. आखाजीला लेकीबाळी माहेरी यायच्या, झोके बांधले जायचे, आणि सण उलटला की पावसाच्या आधीचे जे दीड-एक महिने उरतात ते गोधड्यांचे. शेतात काम नसे. सारवलेल्या ओसरीवर लुगडं पसरायचं, त्यावर धोतर, त्यावर चिंध्यांचा थर, वर पुन्हा लुगडं. दोन बाया दोन बाजूंनी बसायच्या आणि कडेकडेने टाके घालत आत आत सरकायच्या. चौकोनात चौकोन, त्यात आणखी लहान चौकोन. शेवटी मधोमध बोटभर जागा उरायची. तिथे मोठी माय भाकरीचा वाळलेला तुकडा ठेवायची आणि वरून टाके घालून ती जागा बंद करायची. गोधडीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. मी लहानपणी रात्री अंधारात बोटाने तो तुकडा शोधायचे. सापडला की झोप लागायची.

ती गोधडी शिवायची त्याला पैसा म्हणून काही लागत नसे. सुई सोडली तर एकही वस्तू विकत आणलेली नसायची. दोरासुद्धा नाही. साखरेच्या, युरियाच्या, ढेपेच्या गोण्यांची तोंडं सुती दोऱ्याने साखळी टाक्यात शिवलेली असायची. त्या शिवणीला दोन टोकं असतात. एका टोकाने ओढलं तर गाठ घट्ट होते आणि मग कात्रीशिवाय इलाज नसतो. दुसऱ्या टोकाने ओढलं तर सर्रर्र करत सगळी शिवण एका झटक्यात उलगडते आणि चार-पाच हात लांब अखंड दोरा हातात येतो. कोणतं टोक कुठलं, हे मोठी माय न बघता सांगायची. गोणीची साधी बाजू, जिकडे साखळी दिसत नाही ती, समोर धरायची आणि उजव्या हाताला जे टोक येईल ते मोकळं करायचं. गोणी घरात आली की आम्हा पोरांची तिथे झुंबड उडायची, तो सर्रर्र आवाज कोणाच्या वाट्याला येतो म्हणून. उलगडलेला दोरा ती मक्याच्या बुरकुंडावर, म्हणजे दाणे काढलेल्या कणसावर, गुंडाळून ठेवायची. आखाजीपर्यंत तीन-चार बुरकुंडं भरलेली असायची. आता बहुतेक गोण्यांना पॉलिस्टरचा दोरा येतो. किराणा दुकानात गोणी दिसली की माझा हात अजून तिच्या तोंडाकडे जातो, पण दोरा चिमटीत धरला की समजतं, हा आपल्या कामाचा नाही.

का नाही, हे मला मेहनत वाया घालवून कळलं. सुरुवातीला मी दुकानातून चांगला मजबूत पॉलिस्टरचा रीळ आणला होता. वर्षभरात मायच्या पातळावर टाक्यांच्या ओळीने बारीक चिरा पडल्या. जुनं कापड मऊ आणि दोरा कडक, त्यामुळे प्रत्येक धुण्यात दोराच कापडाला कापत गेला. गोधडीत दोरा कापडाहून नरम असावा. तुटायचं असेल तर दोऱ्याने तुटावं, दोरा पुन्हा घालता येतो. तेव्हापासून सुतीच वापरते. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी, दोन ओळींत पाऊण इंच अंतर, असा हिशेब मांडला तर सगळ्या ओळी मिळून ५६० फूट भरतात, म्हणजे १७० मीटर. दोरा दुहेरी घेतला, गाठी आणि टाक्यांची वर-खाली धरली, की चारशे मीटरच्या आसपास जातं. एवढा दोरा विकत घ्यायचा तर गोधडीतला सर्वात मोठा खर्च तोच. म्हणून संक्रांत झाली की मी शेजारच्या मुलांकडून उरलेल्या चकऱ्या मागून घेते. मांजा नाही, त्याला काच लावलेली असते, बोटं कापतात. त्याच्यामागे जोडलेली साधी सुती सद्दी. पांढरा दोरा, अगदी हवा तसा. देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीच्या उरलेल्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही. गच्चीवर बसून मुलांना चकरी गुंडाळायला मदत करायची, दोन तिळाचे लाडू द्यायचे आणि दोरा घेऊन खाली यायचं.

कापडाच्या वाटा मला हळूहळू सापडत गेल्या. मायची पेटी दोन गोधड्यांत संपली. मग घरातले शर्ट. शर्टाची कॉलर आणि कोपरं आधी जातात, पाठ मात्र शेवटपर्यंत नवीकोरी राहते, कारण तिला घासायला काही नसतं. एका पाठीतून दीड-पावणेदोन फुटांचा सलग चौकोन निघतो. साडी नेमकी बसण्याच्या जागी विरते आणि आत खोचलेला भाग तसाच्या तसा राहतो, त्याचा रंगसुद्धा उडत नाही. एकाच साडीत दोन रंग मिळतात, उन्हातला आणि आतला. चादर मध्यभागी पातळ होते, म्हणून ती मधोमध उभी फाडायची आणि कडा आत घेऊन जोडायची. हे सगळं कोणी शिकवलं नाही, कापड समोर धरून उजेडाकडे बघितलं की ते स्वतःच सांगतं. जिथून उजेड जास्त येतो तिथून कात्री चालवायची.

आणि ओटीतले ब्लाऊज पीस. हळदीकुंकू, डोहाळजेवण, कानबाईचं जेवण, लग्नातला आहेर, असं करत प्रत्येक घरात ते साठतात. या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतात, घडी मोडत नाही, स्टिकर निघत नाही. माझ्या कपाटात एकसष्ट निघाले. त्यातले सुती तेवीस. बाकीचे चकचकीत, सुईला नको म्हणणारे. ओळखायचं कसं, तर कडेचा एक धागा काढून काडीला धरायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि राख बोटात पूड होते. पॉलिस्टर आकसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी उरतो. मी हे जिथे तिथे करते. एकदा नणंदेच्या घरी हळदीकुंकवाला मिळालेला पीस तिच्याच गॅसजवळ तपासला आणि ती दोन दिवस बोलली नाही. चूक माझीच होती. दिलेल्या वस्तूची परीक्षा देणाऱ्यासमोर करू नये.

नव्या कापडाबद्दल मोठी मायचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नवं कापड रुसस." मला ते लहानपणी गोष्टीतल्यासारखं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी त्याचा अर्थ कळला. मोबाईलवर बघून मी गोधडीसाठीच म्हणून छापलेले, कापून ठेवलेले चौकोनी तुकडे मागवले होते. एक हजार आठशे रुपये. रंग इतके सुंदर होते की आठ दिवस मी ते फक्त मांडून बघत होते. जुन्या पातळावर ते जोडून गोधडी पुरी केली, पहिल्यांदा धुतली आणि उन्हातून काढली तर ती जागोजागी गोळा झालेली. नवं कापड पाण्यात आटलं होतं. खालचं जुनं पातळ वीस वर्षं धुतलेलं, त्याला जे आटायचं ते कधीच आटून झालं होतं. दोघांची ओढाताण होऊन वरचं आक्रसलं. रुसलेल्या पोरीच्या ओठांसारखं दिसत होतं ते. वर एका लाल तुकड्याचा रंग चार बोटं पसरला. जुनं कापड फुकट मिळतं म्हणून स्वस्त, असं मी समजत होते. त्याचा खरा फायदा वेगळा आहे. त्याने आटायचं, रंग सोडायचं, नरम पडायचं सगळं काम आधीच करून ठेवलेलं असतं, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर.

त्या अठराशे रुपयांनंतर मी डबा केला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. गोधडीला लागेल तो पैसा या डब्यातून, घरखर्चातून एक रुपया नाही. डब्यात येतो रद्दीचा पैसा, भिशीचा नंबर लागला तर त्यातली शंभराची एक नोट, आणि बाळासाठी शिवून दिलेल्या दुपट्यांचे पैसे. डब्यातून जातो तो सुया, अस्तराचं मांजरपाट आणि भांडेवालीला द्यायचे. भांडेवालीशी माझा उलटा सौदा आहे. ती घरोघरी स्टीलची भांडी देऊन जुने कपडे घेते. आमच्या जिन्यात आली की मी तिचं गाठोडं सोडायला लावते आणि सुती साड्या वेचून रोख पैसे देते. कधी तीस, कधी पन्नास. पहिल्यांदा तिला पटेना की भांडी न मागता कपडे मागणारी बाई असू शकते. आता ती खालूनच हाक मारते, "दोन चांगल्या आणल्यात, वर येऊ का?" तिच्याशी घासाघीस मी कधी केली नाही. गाठोडं डोक्यावरून उतरवताना तिच्या मानेची शीर ताणलेली दिसते, त्यानंतर घासाघीस सुचत नाही.

मग नानांच्या बाबतीत का सुचलं?

हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडला, दुपट्याचे पैसे डब्यात टाकताना. शेजारच्या इमारतीतल्या एका सुनेच्या बाळासाठी दुपटं शिवलं होतं. दोन थर धोतराचे, वर बारीक फुलांच्या ब्लाऊज पिसांचे त्रिकोण. रोज दुपारी दोन तास, असे अकरा दिवस. सहाशे रुपये सांगितले होते. तिच्या सासूबाईंनी दुपटं हातात घेतलं, गालाला लावून बघितलं, छान म्हणाल्या, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "जुन्याच कापडाचं ना हे? मग सहाशे कशाचे?" मी काही बोलले नाही. चारशे घेऊन आले. हे असं पहिल्यांदा झालं नव्हतं. दर वेळी मला तेच लागतं, की कापडाला किंमत नाही म्हणून अकरा दुपारींनाही नाही. नोटा डब्यात टाकून झाकण लावताना ते वाक्य पुन्हा कानात वाजलं आणि लक्षात आलं की चार दिवसांपूर्वी नानांच्या पायरीवर मी तेच बोलले होते. तोंडाने नाही, पण पिशवीची घडी करताना. कातरणच ना ते? मग वीस रुपये कशाचे?

नानांचं काय चाललंय हे मला दिसत नव्हतं असं नाही. पूर्वी आखाजीच्या आणि लग्नसराईच्या आधी त्यांच्याकडे दुसरं मशीन लागायचं, मदतीला मुलगा असायचा. दुसरं मशीन आता जिन्याच्या कोपऱ्यात उभं आहे, त्यावर हेल्मेट ठेवतात. शर्ट शिवून घेणारं कोण उरलंय? कामं येतात ती पँटची उंची कमी करण्याची, चेन बदलण्याची. त्यातून कातरण तरी किती निघणार? गोणी पूर्वी आठ दिवसांत भरायची, आता महिना लागतो. आणि चिंधीला बाजार आहे. गॅरेजवाल्यांना हात पुसायला, मशीनचं तेल टिपायला सुती चिंधी लागते, ते किलोने नेतात. लोकरी आणि जाड चिंध्या पार पानिपतला जातात, तिथे त्या पिंजून पुन्हा सूत काढतात, त्याची घोंगडी-ब्लँकेटं होतात. मी वेचून नेत होते ते त्या गोणीतलं सर्वात चांगलं, ज्याला गॅरेजवाला भाव देतो नेमकं तेच. मागे उरायचं ते टेरीकॉट, जे तेल शोषत नाही. चार वर्षं दर महिन्याला मी नानांच्या गोणीतून विकली जाणारी वस्तू उचलत होते आणि त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

मी उन्हाळ्यात त्यांना बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, नेऊन द्यायचे, दिवाळीला फराळ. मनात मी तो मोबदला धरला होता. त्यांना तो चालतो का, हे मी विचारलं नव्हतं. मोठी माय असं करत नसे. तिच्याकडे गल्लीतल्या बाया जुनेर आणून द्यायच्या. कोणाचं लुगडं कोणत्या गोधडीत गेलं ते तिच्या डोक्यात असायचं. मला सांगायची, "कोनं शे ते याद ठेव." त्या घरात मग उडीद निघाले की पायलीभर आधी जायचे, किंवा त्यांच्या गोधडीला चार दुपारी ती स्वतः जाऊन बसायची. मी समजायचे की ती आठवणीसाठी सांगते. ती हिशेब सांगत होती.

तरीही वजनाचा शब्द मला का टोचला, ते वेगळंच निघालं. आमच्या घरात काटा म्हणजे घाटा. आबा दसऱ्यानंतर पहिल्या वेचणीचा कापूस गाडीत भरून न्यायचे. माय आणि मोठी माय कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधून तो वेचायच्या, बोंडाच्या टोकांनी त्यांच्या नखांभोवती रक्त आलेलं असायचं. एकदा मी गाडीवर बसून गेले होते, आठ-नऊ वर्षांची असेन. व्यापाऱ्याच्या माणसाने गाडीत खोल हात घातला, मूठभर कापूस काढला, दाबला आणि म्हणाला, "माल ओला आहे, आबा. क्विंटलमागे दोन किलो कटती." आबा म्हणाले, "आठ दिवस वाळवलाय." तो माणूस काही बोलला नाही, नुसता काट्याकडे बोट करून उभा राहिला. परत न्यायचा तर गाडीभाडं अंगावर. आबांनी मान हलवली. काटा हलायचा थांबेपर्यंत ते त्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. येताना त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि स्वतः खाल्ली नाहीत. क्विंटलभर कापसातून सरकी वेगळी झाली की रुई उरते जेमतेम तिसरा हिस्सा. १७० किलोची एक गठाण बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. हे आकडे आबांना तोंडपाठ होते, पण काट्यावर त्यांचा शब्द कधी चालला नाही. पिकवणारा वजन सांगत नाही, ऐकतो, हे मी त्या दिवशी बघितलं.

मला वाटतं, म्हणूनच कापूस, कापड, चिंधी यांच्या जवळ काटा आला की माझ्या अंगावर काटा येतो. गोधडी हा माझ्यापुरता काट्याबाहेरचा कोपरा होता. इथे मागून मिळतं, दिल्याने येतं, कोणी कटती धरत नाही. नानांनी वजन म्हटलं आणि तो कोपराही गेला असं झालं. पण त्या कोपऱ्यात नाना बसलेले होते, बिनकाट्याचे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आबांना निदान काटा तरी मिळाला होता.

आखाजी झाली. पुरणपोळ्या झाल्या, मुलगी येऊन गेली, तिच्याबरोबर एक गोधडी पुण्याला गेली. मी दहाव्या दिवशी नानांकडे गेले. बिबड्यांची पिशवी न्यावी की नाही याचा विचार करत दोनदा दारातून परत फिरले. नेली तर लाच दिल्यासारखी वाटेल, न नेली तर रुसल्यासारखी. शेवटी नेली नाही. डब्यातून पन्नासची नोट घेतली आणि निघाले.

नानांच्या टेबलावर छोटा तराजू आला होता, बटाटे-कांदे तोलतात तसला, एका पारड्यात किलोचं माप. मी पायरीवर बसले. म्हणाले, "नाना, गोणी काढा. वजन करून घेते." त्यांनी मशीन थांबवलं, गोणी ओढली आणि माझ्याकडे दिली नाही. स्वतःच टेबलावर पालथी केली. चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक तुकडा उचलून अंगठ्याने चोळायला लागले. मी धागा जाळते, त्यांना त्याची गरज नाही. पन्नास वर्षं कापड हाताखालून गेलंय, अंगठा आणि तर्जनीत एकदा फिरवलं की कळतं. निळा चौकडीचा एक तुकडा मला सुती वाटला होता, मी तो माझ्याकडे ओढला. त्यांनी हातातून काढून घेतला, पुन्हा चोळला आणि गोणीत टाकला.

"हाई टेरीकॉट शे. तुमना कामनं नही. याना पैसा कसाले देतस?"

असे त्यांनी बरेच तुकडे बाजूला काढले. मशीनच्या तेलाचा डाग पडलेले, अगदीच करंगळीएवढे, ज्याच्या आतल्या बाजूला चिकट कॅनव्हास लागलाय असे कॉलरचे. ढीग निम्म्यावर आला. गॅरेजवाला हे सगळं घेऊन गेला असता, त्याला करंगळीएवढे आणि डागाळलेलेही चालतात. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, तो वेगळा, तुम्ही वेगळ्या. मग उरलेलं पारड्यात ठेवलं. पारडं थोडं खाली गेलं तेव्हा त्यांनी वरून एक पांढरा तुकडा उचलला, पारडी सारखी झाली आणि तो पांढरा तुकडा माझ्या पिशवीत आधी टाकला, मग बाकीचे.

एक किलो. मी पन्नासची नोट पुढे केली. त्यांनी शर्टाच्या खिशातून तीन दहाच्या नोटा काढून मोजून दिल्या. मी त्या मोजून घेतल्या. दोघंही त्या नोटांकडेच बघत होतो. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि कच्च्या शिलाईचा सुती दोरा काढला. पुठ्ठ्याच्या नळीवर अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. आता पँटच्या उंचीला कच्ची शिलाई कोण घालतं, असं काहीसं पुटपुटत त्यांनी तो तुकड्यांच्या वर ठेवला. मी तो तराजूत ठेवायला उचलला, तर त्यांनी तराजूच टेबलाखाली सरकवला आणि गल्लीच्या टोकाकडे बघत हात वर केला, दोन बोटं दाखवून. चहावाल्या पोराने तिकडून मान हलवली.